टाकीमागचा वेल

आधी नुसतं ऐक गं. मधी बोलू नकोस, आणि 'बरं मग' असं तर आजाबात करू नकोस, कारण झालं म्हणशील तर काय झालंच न्हाय. राजेश्वरीनं दोडक्याची एक फोड तोंडात घातली, बस्स. मच्छेच्या कारखान्यात, कँटीनमधी, जेवणाच्या सुट्टीत. रचना म्हणून तिच्याबरोबर काम करणारी एक हाय, तिनं आपला डबा उघडला, राजेश्वरीच्या ताटाफुडं सरकवला आणि म्हणाली, "घे, तुझाच हाय." तुझाच म्हंजे राजेश्वरीनं दिलेल्या बियाचा. पावसाच्या आधी वाटून दिलतं की तिनं सगळ्यांस्नी, कागदाच्या पुड्या करून, आईच्या गावचा दोडका, हिथं कुठं मिळायचा न्हाय, कुंडीत लावला तरी येतोय म्हणून. तर ही खूश झाली गं. हात पुसून फोड उचलली, तोंडात टाकली, आणि जीभच आखडली तिची. कारलं कडू असतंय, मेथी कडू असती, पण ते ओळखीचं कडू, जेवणातलं. हे तसलं न्हवं. हे जिभेच्या मुळाशी जाऊन बसलं आणि तितनं कानाकडं चढलं. थुंकायचं तर समोर चार माणसं. तिनं गिळलं. गिळलं बघ, आणि रचना तिच्याकडं बघत म्हणाली, "माझी सासू दोन घास खाल्ली आणि दिवसभर उलट्या. सलाईन लावलं. मी म्हटलो घरात, आसूंदे, मुद्दाम कशाला कोण कडू बी देतंय." आणि मग हसली. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. हसून वर म्हणती कशी, "आता तुमचं ते घरचं बी, घरची भाजी, कुणावर अवलंबून न्हाय, सगळं साकू, पुरे झालं. दुकानातनं आणतो आमी."

राजेश्वरीला राग आला तो आधी रचनाचाच. ह्या बाईला सारखं फुकट लागतंय, पुडी घेताना दोन घेतलती, एक भावजयीला म्हणून. मग त्या व्हॉट्सॲप ग्रुपचा आला, घरच्या भाजीचा ग्रुप, सगळ्या बेळगावातल्या बायका, ज्यांनी तिच्या गच्चीच्या फोटोवर लाल बदामांचा ढीग घातलता. त्यातल्या किती जणींच्या कुंडीत आज हेच लोंबत असंल? पाणी पिली, पिली, कडू जाईना. जाग्यावर येऊन बसली. तिचं काम काय, तर मशीनवरनं आलेला तुकडा मापात घालून बघायचा. बसला तर हिकडच्या ट्रेमधी, न बसला तर तिकडच्या. एवढंच. हात आपसूक चालतात. आणि त्या दिवशी हात चालत होते आणि डोस्क्यात एकच फिरत होतं, की आईचा दोडका कडू नसतोय. आईचा दोडका पोरं वेलावरनं तोडून कच्चा खायची, काकडीगत. गुंजीच्या अलीकडं त्यांचं घर, रेल्वेचा आवाज येतोय एवढ्या अंतरावर, आणि दाराजवळच्या मांडवाला तो लोंबायचा, लांबच्या लांब, शिरा बोथट, बोटाला न टोचणाऱ्या. शाळेतनं आली की दप्तर टाकायच्या आधी दोडका मोडायची ती. मोडताना 'कट' आवाज यायचा. मधी सुपरवायझर आला, तिच्या तोंडाकडं बघून थांबला. "याक री, आराम इल्ला?" बरं न्हाय का म्हणून विचारलं त्यानं, चांगल्या मनानं. आणि ही काय म्हणाली? "एनिल्ला सर." काय न्हाय. एवढं एक वाक्य तिला दोन्ही भाषांत झोपेत सुद्दा येतंय, काय न्हाय.

च्याच्या सुट्टीत तिनं भावाला फोन लावला, युवराजला. "आईच्या हातचं जुनं दोडक्याचं बी हाय काय रं घरात? कुठं तर चिंधीत, शिंकाळ्यात, बघ की." तो कुठं तर ट्रॅक्टरजवळ असणार, वरडून बोलत होता. "गाडगंच तू न्हेलीस की आई गेल्यावर! म्हटलीस, तुमी काय लावणार न्हाय, मी लावतो. आता हितं मांडव कुठला, बांधापत्तोर ऊस हाय." खरं होतं ते. आईचं बी जगात एकाच ठिकाणी होतं, वडगावात, राजेश्वरीच्या स्वयंपाकघरात, त्या गाडग्यात. आणि आता सांगते ते नीट ऐक, कारण सगळी आग हितंच हाय. आईची रीत होती. बियाचं गाडगं रिकामं दिसू द्यायचं न्हाय. नवीन बी आलं की जुन्यावरच ओतायचं, वर चुलीतली राख, आणि दोन्ही हातांत धरून हलवायचं, एकजीव होईपत्तोर. 'जुन्यानं नव्याला शाणं करायचं' म्हणायची. पुढच्या साली त्यातनंच मूठ काढायची. राजेश्वरीनं गाडगं आणल्यापासनं कधी रीत चुकवली न्हाय. सासरी चूल न्हाय तर शेजारच्या रंगाऱ्याच्या भट्टीतनं राख मागून आणली. गेल्या साली सुद्दा गच्चीवरचे दोडके वाळवले, बी काढलं, गाडग्यात ओतलं, हलवलं, आणि देवाफुडं ठेवून हात जोडले. म्हंजे आता चांगलं आणि कडू एका गाडग्यात, दोन्ही काळंभोर, दोन्ही सारखं, आणि त्याला मापात घालून हिकडं-तिकडं टाकता येत न्हाय. हे तिला मशीनफुडं बसूनच कळलं, आणि हातातला तुकडा तिनं एवढ्या जोरात ट्रेमधी टाकला की पलीकडचा दचकला.

आता तू म्हणशील, कडू आलं कुठनं. हेच तिनं सुद्दा स्वतःला विचारलं. नाटक करत विचारलं बघ, कारण उत्तर तिला फोड गिळतानाच ठाऊक होतं. टाकीमागचा वेल. तिच्या गच्चीवर पाण्याची सिंटेक्सची टाकी हाय, तिच्यामागं सासूनं, बाळाबाईनं, फुटक्या बादलीत एक वेल लावलाय. राजेश्वरी तिला आत्ती म्हणती. तर आत्तीचा हा वेल, कडू दोडक्याचा, रानातला. कणकुंबीकडच्या कुणा पावण्यानं वाळके दोडके आणून दिलते, एवढे एवढे, लिंबापेक्षा थोडे मोठे. गेल्या साली आप्पांना, म्हंजे सासऱ्याला, जोतिरामआप्पांना कावीळ झाली तवा. ते वाळकं फळ भिजत घालायचं, आणि त्या पाण्याचे थेंब नाकात. माणूस आडवा पडतो, डोळ्यांतनं पाणी, नाकातनं पिवळं पिवळं गळत राहतं, आणि आत्ती ताट धरून बसती आणि म्हणती, "बघ, निघाली. बघ कशी निघाली कावीळ." डॉक्टर वरडला होता. म्हणाला, नाक जाळून काय लिवर धुतलं जात न्हाय, ह्यांनी दारू सोडायची, बाकी सगळं मग. हे तो सगळ्यांफुडं म्हणाला. आत्तीनं ऐकलं, मंथननं ऐकलं, मंथन म्हंजे राजेश्वरीचा नवरा, आणि आप्पांनी तर मान हलवली. दुसऱ्या दिवशी आत्तीनं बादलीत माती भरली.

आणि राजेश्वरीला ठाऊक होतं गं! तिची आई श्रावणात कुंपणाकडंनं हिंडायची, विळा घेऊन, आणि कडू दोडक्याचा वेल दिसला की फुलायच्या आधी मुळासकट काढायची. "ह्याचं फूल आणि आपलं फूल एकाच येळेला उमलतंय, सांजच्याला. पाखरू काय इचारून बसत न्हाय." असं म्हणायची. राजेश्वरी तिच्या मागनं उपटलेले वेल गोळा करत हिंडलेली, हाताला त्याचा कडूपणा लागून बोट तोंडात घालून रडलेली. आणि तरी गेल्या साली टाकीमागं पिवळी फुलं बघितली, आपल्या वेलाची फुलं बघितली, मधी चार पावलं अंतर, आणि गप बसली. कारण आप्पा आजारी. कारण आत्तीला म्हणायचं कसं, की तुमचं औषध काढा. कारण मग पुढचा प्रश्न येणार, औषध न्हाय तर काय, आणि त्या प्रश्नाचं उत्तर त्या घरात कुणाच्या तोंडातनं निघत न्हाय. मग म्हणाली असंल मनातल्या मनात, हुईल काय तर, एका सालानं काय हुतंय.

ते घर कसं हाय सांगू? खाली चार पॉवरलूम, वर राहायचं, त्याच्यावर गच्ची. माग चालू असले की गच्चीपत्तोर धडधड येती. कुंड्या जाग्यावर राहत न्हाईत गं, धडधडीनं कण कण सरकतात, सकाळी ओळीत लावल्या की संध्याकाळी वाकड्या. पयल्यांदा आली तवा तिला गंमत वाटलेली. आप्पा म्हणायचे, "झाडंच ती, पर आमच्यात आली की कामाला लागली." असला माणूस. हसवणारा. साडीचा काठ असा काढायचा की शहापूरच्या दुकानदारानं बोट फिरवत बसावं. सुनेनं गच्चीवर माती चढवली तवा भावकीतली माणसं म्हणाली, स्लॅब गळंल, आणि आप्पा म्हणाले, "गळूंदे, खाली मी छत्री घेऊन माग चालवतो." त्यांनीच मागाच्या जुन्या लाकडाचा मांडव करून दिलता. त्यामुळं त्यांच्यावर रागवायचं म्हटलं की तिला रागाला धराय जागाच सापडायची न्हाय. आणि तेच ते पीत. रोज. चौकोनी कागदी पाकिटातली दारू, ज्यूसच्या डब्यासारखी. मंथन आणून द्यायचा, भाजीच्या पिशवीत खाली घालून, बाप दुकानाफुडं पडलेला दिसू नये म्हणून. आत्ती ते पाकीट मागाच्या खोलीतल्या कोनाड्यात ठेवायची. आणि राजेश्वरी? ऐक. राजेश्वरी ती रिकामी पाकिटं धुऊन घ्यायची. वरचं तोंड कापलं की रोपाला एकदम मापाची, आतनं चंदेरी, पाणी गळत न्हाय, फाटत न्हाय. सगळी रोपं तिनं त्याच्यात केली. वांगी, टोमॅटो, अंबाडी, सगळी. ग्रुपवर फोटो टाकला, टाकाऊतनं टिकाऊ, म्हणून. कुणी तर विचारलं, एवढी पाकिटं कुठनं आणतेस गं. तिनं हसरं तोंड पाठवलं.

हे सगळं तिला त्या दिवशी स्कूटीवर आठवलं. मच्छेतनं सुटली, ट्रकांच्या मधनं, पाऊस उघडलेला, रस्त्यावर सगळा चिखलाचा राडा, आणि ही हेल्मेटच्या आत मोठ्यानं बोलत होती. रचनाला, मंथनला, डॉक्टरला, कणकुंबीच्या त्या पावण्याला, ज्याचं नाव सुद्दा तिला ठाऊक न्हाय. आणि त्यातच हिशोब मांडत होती. गाडगं वाचवता येतंय. येतंय म्हंजे कसं, की सगळं बी थोडं थोडं लावायचं, प्रत्येक वेलाचा पयला दोडका कच्चा चाखायचा, कडू लागला की वेल उपटायचा, गोड लागला त्याच्याच फुलाला दोरा बांधायचा. दोन साल, तीन साल लागूंदेत. जीभ कडू झाली तर झाली. आईचं बी त्यातनं परत निवडून काढता येतंय. पण टाकीमागचा वेल असंतोवर ह्यातलं काही खरं न्हाय, तो दर सांजच्याला सगळं परत नासवणार. ह्या साली गच्चीला कोबा घातला म्हणून तिचे वेल उशिरा लागलेले, आणि त्यावर कळ्या आज-उद्या फुटणार होत्या. टाकीमागच्याला तर काल सांजच्यालाच कळ्या टपोऱ्या दिसलेल्या. म्हंजे आजच. ऊन कलायच्या आत. कधी न्हाय ते तिनं रेल्वे गेटला रिक्षावाल्याला शिवी दिली. त्यानं वळून बघितलं, आणि तिला एवढं बरं वाटलं म्हणून सांगू.

घरात शिरली ती चप्पल सुद्दा न काढता. माग बंद होते, लाईट गेलती. एवढी शांतता त्या घराला शोभत न्हाय. मंथन खाली धागा जोडत बसलेला, म्हणाला, "काय झालं गं?" ही थांबली. पायरीवर पाय ठेवून म्हणाली, "आज पिशवीत काय आणलंस?" तो म्हणाला, "काय म्हंजे? कोथमीर, मिरच्या." "आणि खाली?" त्यानं धाग्याकडं बघितलं. "हळू बोल की, आई वर हाय." बघ, हळू बोल. ती जिना चढली, वाटेत खुरपं घेतलं.

वर आत्ती टाकीच्या सावलीत पालथ्या डब्यावर बसलेली, आणि आप्पा मग्ग्यानं वेलाला पाणी घालत होते. ते स्वतः. लुंगी, वर बनियन, आणि डोळे गं, हळदीत बुडवल्यासारखे. परत झालती कावीळ. सकाळी अंधारात निघाली म्हणून तिला दिसलं नव्हतं, का दिसूनही बघितलं नव्हतं देवाला ठाऊक. कळ्यांची तोंडं सैल व्हाय लागलेली, पिवळं आतनं डोकावलेलं. "आलीस व्हय?" आप्पा म्हणाले. "आज लौकर?" ती आत्तीकडं वळली. म्हणाली, "आत्ती, माझ्या आईचं सगळं बी नासलंय ह्या वेलानं. एक बाई आजारी पडलीय. मी हा काढणार." आत्ती उठली न्हाय. "काढणार म्हंजे? ह्यांच्या डोळ्यांकडं बघितलीस काय?" "बघितलो." "मग?" "मग हा गेल्या साली पण होताच की! होता ना? उतरली म्हणत होतासा ना? मग परत आली कशी?" आवाज एवढा चढला की शेजारच्या गच्चीवर कपडे काढणारी बाई थांबली. आप्पा मधीच म्हणाले, "काढूंदे की गं. आईचं बी हाय तिच्या. मी काय न्हाय म्हणतोय?" आणि बाजूला सरकले, वाट दिली. त्यांनी वाट दिली ह्याचाच तिला जास्त राग आला. ती वाकली, वेलाचं बूड मुठीत धरलं आणि ओढलं. खुरपं लागलंच न्हाय. ओली माती, एका झटक्यात आलं. मग टाकीवरनं, नळावरनं, पाईपवरनं ओढत राहिली, पानं टरटर फाटली, कळ्या पायाखाली आल्या, हाताला तो वास, आणि ती ओढतच राहिली, सुटलेलं सुद्दा ओढत होती.

संपलं तवा आत्ती तशीच बसलेली. रडली न्हाय, शाप न्हाय दिला. म्हणाली, "मला कळत न्हाय व्हय गं, ह्या पाण्यानं काय हुतंय आणि काय न्हाय? खुळी न्हवं मी. पर थेंब घातल्यावर ह्यो माणूस माझ्या मांडीवर डोस्कं ठेवून गप पडतोय, पार दिवस मावळंपत्तोर. तेवढा येळ पीत न्हाय." मग म्हणाली, "माझ्या तोंडातनं एवढ्या वर्सांत निघालं न्हाय. पोराच्या न्हाय निघालं. तू उपटलीस, आता तू सांग त्येंला. शिकलेली हाईस, भांडाय येतंय तुला. सांग. हे बघ, हितंच हाईत." आणि आप्पा खरंच तितंच होते. मग्गा त्यांनी खाली ठेवला, लुंगी सारखी केली आणि सुनेच्या समोर उभं राहिले. हसले न्हाईत. थट्टा न्हाय केली. पिवळ्या डोळ्यांनी तिच्याकडं नुसते बघत राहिले, जणू कोण तर एकदा म्हणावं म्हणूनच एवढी वर्सं थांबलेत, आणि म्हणाले, "सांग की, बाळ."

सकाळपासनं तिच्या तोंडात किती होतं बघ. रचनाला, मंथनला, रिक्षावाल्याला. एवढं सगळं होतं, आणि आता एक वाक्य पायजे होतं, चार शब्दांचं, आणि ते ऐकाय एक माणूस समोर हात बांधून उभा. तिनं तोंड उघडलं. शेजारची बाई बघत होती, जिन्यात मंथनचं पाऊल वाजलं, आणि तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला, "च्या ठेवते, आप्पा."

"ठेव," ते म्हणाले. आणि त्यांच्या तोंडावर एक काय तर आलं आणि गेलं. सुटलो बाबा असं होतं, का हिनं सुद्दा न्हायच म्हटलं असं होतं, ते तिला अजून कळत न्हाय, आणि दोन्हीतलं कुठलं असलं तरी तिला ते सोसत न्हाय. खाली आली, गॅस पेटवला, साखरेचा डबा एवढ्या जोरात आपटला की झाकण चेपलं. तिच्या मांडवावर त्या सांजच्याला पयली फुलं उमलली, म्हणे. ती वर गेली न्हाय बघाय.

तोंड का वाकडं करतेस? सोपं वाटालंय न्हवं, हितं बसून? मग सांग की. उपटलेला वेल तुझ्या पायाशी, सासू म्हणती बोल, सासरा म्हणतोय बोल, त्याचे डोळे असे. तू काय केलं असतंस?